एका टिचकीची किंमत

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत कुणाच्या तरी वाट्याला एक काम हमखास येते. स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याचे. पावतीपुस्तक घेऊन गावातल्या कापडदुकानात, पुस्तकांच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात जायचे. पूर्ण पानाचे इतके, अर्ध्या पानाचे तितके, मलपृष्ठ सर्वांत महाग. दुकानदार थोडी घासाघीस करतो आणि 'शुभेच्छुक' म्हणून आपले नाव छापायला सांगतो. कागदाचा आणि छपाईचा खर्च निघतो. व्यवहार संपला.

आता पुष्कळ शिक्षकांची स्वतःची छोटी संकेतस्थळे आहेत. कुणी भूमितीची प्रमेये समजावून देतो, कुणी परिसरातल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो, कुणी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून दाखवतो. या पानांवरही जाहिराती लावता येतात आणि त्यांचे पैसे मिळतात, हे आपण ऐकलेले असते. पण किती मिळतात? कोण देते? आणि नेमके कशाबद्दल देते? वरवर पाहता हा स्मरणिकेचाच व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात तो बराच निराळा आहे, आणि तो समजून घ्यायला लागणारे गणित सातवी-आठवीच्या पुढचे नाही.

नवलाईचे नऊ दिवस

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या अमेरिकी संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या. त्यांपैकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची जाहिरात पुढे प्रसिद्ध झाली. ती पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी तिच्यावर टिचकी मारली, म्हणजे क्लिक केले, असे सांगितले जाते. शंभरातले चव्वेचाळीस! पुढे ही नवलाई ओसरली. १९९८ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातील बेनवे आणि लेन या संशोधकांना एक गंमतीची गोष्ट आढळली. पानावर माहिती शोधणारी माणसे मोठ्या, ठळक पट्ट्यांकडेच नेमके दुर्लक्ष करतात. हवी असलेली माहिती त्या पट्टीत ठेवली, तरी ती त्यांना दिसत नाही. या सवयीला त्यांनी 'पट्टी-अंधत्व' असे नाव दिले. आज साध्या पट्टीची जाहिरात हजार वेळा दाखवावी, तेव्हा एखाद-दोन टिचक्या पडतात.

सुरुवातीच्या काळात जाहिरातीचे पैसे ती किती वेळा दाखवली यावर ठरत. हा दर हजारी असे. १९९८ साली गोटू या अमेरिकी कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिने शोधयंत्रातील जागांचा लिलाव सुरू केला, आणि पैसे केवळ टिचकी पडली तरच घेतले. गूगलची जाहिरात-सेवा ऑक्टोबर २००० मध्ये आली आणि २००२ साली तिनेही टिचकीमागे बोली लावण्याची पद्धत स्वीकारली.

छोट्या संकेतस्थळाच्या मालकाला मात्र या सगळ्याचा उपयोग नव्हता. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा माणूस जाहिराती मागायला कुणाकडे जाणार? ही अडचण जून २००३ मध्ये सुरू झालेल्या गूगलच्या ॲडसेन्स या सेवेने सोडवली. मालकाने आपल्या पानात संगणकीय आज्ञांच्या चार ओळी घालायच्या. पान वाचून त्याला साजेशी जाहिरात निवडणे, जाहिरातदाराकडून पैसे घेणे आणि आपला वाटा कापून उरलेले मालकाला देणे, हे सारे यंत्र करणार. पावतीपुस्तक घेऊन हिंडणारा शिक्षक या व्यवहारातून बाजूला झाला. त्याच्या जागी कोण आले ते आता पाहू.

डोळ्याचे पाते लवते तोवर

वाचकाने आपले पान उघडले की त्या चार ओळी जाहिरातीच्या सर्व्हरला निरोप पाठवतात : अमुक पानावर, अमुक आकाराची एक जागा रिकामी आहे. लगेच त्या एका जागेचा, त्या एका वाचकापुरता लिलाव होतो. तो करणारी यंत्रे बोली लावणाऱ्यांना साधारण एक दशांश सेकंद देतात. डोळ्याचे पाते लवते तेवढ्या वेळात बोली लागते, निकाल ठरतो आणि जाहिरात पानावर येते. दुसऱ्या वाचकाने तेच पान उघडले तर पुन्हा नवा लिलाव.

हा लिलाव जिंकतो कोण? सर्वांत जास्त बोली लावणारा, असे आपण म्हणू. उत्तर अर्धेच बरोबर आहे. समजा, दोन जाहिरातदार आहेत. एक सहल-कंपनी टिचकीमागे ८ रु. द्यायला तयार आहे. एक वह्यांचा विक्रेता २ रु. देतो. पण आपले पान आहे भूमितीचे. आजवरच्या अनुभवावरून यंत्राचा अंदाज असा, की या पानावर सहलीच्या जाहिरातीला हजारात १ टिचकी पडेल आणि वह्यांच्या जाहिरातीला हजारात ६. आता हजार वेळा जाहिरात दाखवली तर सहल-कंपनीकडून मिळतील ८ × १ = ८ रु. आणि वहीविक्रेत्याकडून २ × ६ = १२ रु. म्हणून लिलाव वहीविक्रेता जिंकतो. बोली आणि टिचकीची शक्यता यांचा गुणाकार ज्याचा मोठा, त्याची जाहिरात वर. वाचकाच्या उपयोगाची जाहिरात पुढे येण्याचे कारण हा गुणाकार आहे. त्यात सौजन्याचा काही भाग नाही.

जिंकणाऱ्याने द्यायचे किती, यातही गंमत आहे. पूर्वी जिंकणारा आपली पूर्ण बोली देत नसे. दुसऱ्या क्रमांकाला मागे टाकण्यापुरतेच देई. वरच्या उदाहरणात ८ रुपयांची बरोबरी करायला वहीविक्रेत्याला टिचकीमागे ८ ÷ ६, म्हणजे सुमारे १ रु. ३३ पैसे पुरतात. दुसऱ्या बोलीइतकी किंमत घेण्याच्या लिलावाचा शास्त्रशुद्ध विचार विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली मांडला होता. एकाच वस्तूच्या अशा लिलावात खोटे बोलून काही फायदा नसतो, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याला वस्तू ज्या किमतीची वाटते तीच बोली लावणे शहाणपणाचे ठरते; कारण किंमत आपल्या बोलीवर ठरत नाही, दुसऱ्याच्या बोलीवर ठरते. १९९६ साली विकरींना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. ॲडसेन्सने २०२१ मध्ये पानांवरच्या जाहिरातींसाठी ही पद्धत सोडली आणि जिंकणाऱ्याने स्वतःची बोलीच द्यावी असे ठरवले. त्यामुळे आता बोली लावणारी यंत्रे थोडा हात राखून बोलतात.

टिचकीला किंमत येते कुठून?

एका टिचकीला एक जाहिरातदार २ रु. देतो आणि दुसरा ८० रु. देतो, असे का होते? याचे उत्तर जाहिरातदाराच्या खतावणीत शोधायला हवे.

समजा, वहीविक्रेत्याच्या जाहिरातीवर टिचकी मारणाऱ्या दहांपैकी एक जण वह्या घेतो, आणि त्या विक्रीत २० रु. सुटतात. म्हणजे दहा टिचक्यांतून २० रु., एका टिचकीतून २ रु. याहून जास्त बोली लावली तर धंदा तोट्यात. आता कर्ज देणारी एखादी कंपनी घ्या. पन्नास टिचक्यांतून तिला एकच गिऱ्हाईक मिळते, पण त्या एका गिऱ्हाइकाकडून व्याजापोटी ५००० रु. सुटतात. तिला एका टिचकीमागे १०० रुपयांपर्यंत देता येतील. हे आकडे आपण मानलेले आहेत, परंतु कर्ज, विमा, वकिली सल्ला, महागडे शिक्षणक्रम अशा विषयांच्या टिचक्या महाग आणि कविता, इतिहास, निसर्ग अशा विषयांच्या टिचक्या स्वस्त का असतात, याचे कारण यात मिळते.

यातून निघणारा निष्कर्ष नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. संकेतस्थळाला मिळणारा पैसा हे लेखनाच्या मोलाचे माप नाही. ते वाचकाच्या खरेदीच्या तयारीचे माप आहे. बेडकाच्या जीवनचक्रावर वर्षभर निरीक्षण करून लिहिलेले पान आणि 'झटपट कर्ज कसे मिळवावे' हे दोन तासांत उतरवून काढलेले पान, यांत दुसऱ्याला जास्त पैसे मिळतील. लिलावाच्या यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही. मेहनत मोजण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

प्रत्यक्ष हिशेब

आता एका शिक्षकाच्या कल्पित संकेतस्थळाचा हिशेब मांडू. रोज २०० जण येतात, प्रत्येक जण २ पाने पाहतो, प्रत्येक पानावर २ जाहिराती आहेत. २०० × २ × २ = ८००. महिन्याला २४,००० जाहिराती.

या सगळ्याच मोजल्या जात नाहीत. काही वाचकांनी जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम बसवलेला असतो. काही जाहिराती पानाच्या तळाशी असतात आणि वाचक तिथवर जातच नाही. (जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असेल तरच ती 'दिसू शकली' असे मानण्याचा प्रघात आहे.) समजा, यात चौथा हिस्सा गळाला. उरल्या १८,०००. हजारात २ टिचक्या धरल्या तर महिन्याला ३६ टिचक्या. जाहिरातदार टिचकीमागे १० रु. देतो असे धरू. एकूण ३६० रु.

यात यंत्राचा वाटा आहे. पानांवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले ६८ टक्के आपण मालकाला देतो, असे गूगलने २०१० साली जाहीर केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिशेबाची नवी रीत जाहीर झाली. आधी जाहिरातदाराच्या बाजूच्या यंत्रणेचे शुल्क जाते, जे गूगलच्या स्वतःच्या यंत्रणेत सरासरी १५ टक्के आहे, आणि उरलेल्या रकमेचे ८० टक्के मालकाला मिळतात. विद्यार्थ्यांना हा गुणाकार करायला सांगा : ०.८५ × ०.८० = ०.६८. रीत बदलली, उत्तर तेच राहिले.

३६० रुपयांचे ६८ टक्के म्हणजे सुमारे २४५ रु. पण तेही लगेच हाती येत नाहीत. खात्यात १०० डॉलर साठल्यावरच पैसे पाठवले जातात. (तत्पूर्वी १० डॉलर जमले की मालकाचा पत्ता खरा आहे ना, हे तपासण्यासाठी एक गुप्त क्रमांक घरी येतो, तोही चक्क टपालाने!) १०० डॉलर म्हणजे साडेआठ हजार रुपये धरले, तर महिना २४५ रुपयांप्रमाणे पहिली रक्कम मिळायला जवळजवळ ३५ महिने लागतील. आठवीतल्या मुलांसाठी संकेतस्थळ सुरू केले, तर ती मुले अकरावीत जातील तेव्हा पहिले पैसे येतील.

वर्षाचे उत्पन्न झाले २,९४० रु. संकेतस्थळाचे नाव राखणे आणि सर्व्हरवर जागा घेणे यांचा खर्च वर्षाला ३,००० रु. धरला, तर हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. यात निराश होण्यासारखे काही नाही; स्मरणिकाही एवढेच करत असे. मात्र 'घरबसल्या हजारो कमवा' असे सांगत शिकवणीची फी मागणारे जागोजागी भेटतात. त्यांच्यासमोर हा कागद ठेवावा आणि यातला कोणता आकडा तुम्ही किती पट करणार, असे विचारावे. गुणाकाराचा स्वभाव असा, की वाचक, टिचक्यांचे प्रमाण आणि टिचकीचा दर हे तिन्ही दुप्पट झाले तर उत्पन्न आठपट होते. पण तिन्ही निम्मे झाले तर ते एक अष्टमांशही होते. आणि या तिन्हींपैकी एकही आकडा पूर्णपणे मालकाच्या हातात नसतो.

मराठी पानांची गोष्ट

पान वाचून जाहिरात निवडायची तर यंत्राला पानाची भाषा यायला हवी. त्यामुळे बरीच वर्षे ॲडसेन्समध्ये भारतीय भाषांना जागा नव्हती. हिंदीला डिसेंबर २०१४ मध्ये प्रवेश मिळाला, मराठीला २०१८ मध्ये. तोवर मराठीत लिहिणाऱ्याला या सेवेचे दार बंद होते.

दार उघडले म्हणून दर सारखे झाले, असे मात्र नाही. लिलावात किंमत चढते ती बोली लावणाऱ्यांच्या संख्येमुळे. आंब्याच्या एका पेटीवर दहा व्यापारी तुटून पडले तर भाव चढतो. एकच व्यापारी आला तर तो म्हणेल तो भाव. इंग्रजी पानासाठी जगभरचे जाहिरातदार येतात. मराठी पानासाठी येणारे थोडे. दिवाळीच्या सुमारास खरेदी वाढते तेव्हा दर चढतात, नंतर उतरतात.

प्रेमापोटी केलेली चूक

एक प्रसंग कल्पा. वर्गाला कळते की सरांच्या संकेतस्थळावर टिचकी मारली की सरांना पैसे मिळतात. चाळीस मुले ठरवतात, रोज एकेक टिचकी मारायची. सरांना मदत होईल!

आपल्या हिशेबात दिवसाला ६०० जाहिराती दिसतात आणि सरासरी एखादी टिचकी पडते. योगायोगाने एखाद्या दिवशी चार-पाच पडतील. पण एकदम चाळीस? योगायोगाने असे घडण्याची शक्यता इतकी नगण्य आहे, की यंत्राला संशय येण्यासाठी कुणी चाडी सांगावी लागत नाही. त्यात बहुतेक टिचक्या एकाच गावातून, आणि टिचकी मारणारा एकही जण पुढे काही विकत घेत नाही. परिणाम ठरलेला : खाते बंद, साठलेली रक्कम गेली, आणि जाहिरातदारांकडून घेतलेले पैसे त्यांना परत. मुलांचा हेतू चांगला होता, हे यंत्राला समजत नाही. आणि खरे पाहता चाळीस टिचक्यांचे पैसे कुणा वहीविक्रेत्याच्या खिशातून जाणार होते. आपल्या पानावरच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारू नये आणि दुसऱ्याला मारायला सांगू नये, हा नियम यासाठीच आहे.

पान की वाचक?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्मरणिकेत दुकानदार पान विकत घेतो. ते पान कोण उघडते, हे त्याला ठाऊक नसते. संकेतस्थळावरच्या लिलावात बोली पानावर लागू शकते, तशी वाचकावरही लागू शकते.

याचे साधन आहे कुकी. ही अवघ्या काही अक्षरांची चिठ्ठी. लू मॉन्टुली या अभियंत्याने १९९४ साली नेटस्केप कंपनीत ती तयार केली. हेतू साधा होता : संकेतस्थळाला तोच वाचक पुन्हा ओळखता यावा. पण जाहिरातीचे यंत्र एकाच वेळी लाखो संकेतस्थळांवर हजर असते. वाचकाच्या संगणकात त्याने ठेवलेली चिठ्ठी ते प्रत्येक ठिकाणी पुन्हा वाचू शकते. सकाळी बुटांचे दुकान पाहिले, दुपारी भूमितीच्या पानावर बुटांची जाहिरात, हा अनुभव आपल्याला आहे. काही ब्राउझरांनी अशा परक्या चिठ्ठ्या अडवायला सुरुवात केली. सफारीने २०२० साली त्या सरसकट बंद केल्या. क्रोममधूनही त्या काढून टाकू असे गूगलने २०२० मध्ये म्हटले होते, पण पुढे तो बेत सोडून दिला.

शिक्षकाच्या संकेतस्थळाचा वाचक बहुधा विद्यार्थी असतो. २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या भारतीय कायद्यात १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे, आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारी तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. वर्गात आलेला मुलगा काय वाचतो, कुठे रेंगाळतो, याची नोंद बाहेरच्या कुणी ठेवावी का? जाहिराती लावायच्याच असतील तर वाचकाच्या माहितीवर आधारलेल्या जाहिराती बंद ठेवण्याची आणि जुगार, कर्ज यांसारखे विषय वगळण्याची सोय ॲडसेन्समध्ये आहे. ती आधी वापरावी. त्याने बोली थोडी उतरेल. आपल्या २४५ रुपयांचे कदाचित दीडशे होतील. नोकरी सरकारी वा अनुदानित शाळेत असेल तर बाहेरच्या उत्पन्नाबद्दलचे सेवानियमही पाहून घ्यावेत.

आणि आणखी एक हिशेब. गावातल्या पुस्तक-विक्रेत्याला विचारले, "तुमच्या दुकानाचे नाव आणि पत्ता माझ्या पानावर ठेवतो, महिन्याला अडीचशे रुपये द्याल का?" आणि तो 'हो' म्हणाला, तर त्या एका वाक्यात यंत्राची महिन्याची सारी कमाई भरून निघते. त्यात चिठ्ठी नाही, लिलाव नाही, ३५ महिन्यांची वाट पाहणे नाही. मुलांची माहितीही कुठे जात नाही. पावतीपुस्तक अगदीच कालबाह्य झालेले नाही!

वर्गात करून पाहा

१. फळ्याजवळ एक पेरू ठेवा. प्रत्येकाने आपली बोली चिठ्ठीवर लिहून द्यावी. एकदा जिंकणाऱ्याने स्वतःची बोली द्यायची, दुसऱ्यांदा दुसऱ्या क्रमांकाची. दोन्ही वेळच्या बोलींची सरासरी काढा. फरक पडला का? का पडला असेल?

२. वरच्या हिशेबात रोजचे वाचक २०० ऐवजी ५०० धरा आणि जाहिराती अडवणाऱ्यांमुळे होणारी गळती चौथ्या हिश्शाऐवजी निम्मी धरा. पहिली रक्कम किती महिन्यांनी मिळेल?

३. एका दैनिकाच्या एका अंकातील जाहिरातींची यादी करा. कोणत्या जाहिरातदाराला एका गिऱ्हाइकामागे सर्वांत जास्त पैसे सुटत असतील? त्याची जाहिरात किती मोठी आहे आणि कोणत्या पानावर आहे?